पॅसेजमधलं स्टूल

१

रोज सकाळी साडेअकराला चिकटराव कॉम्प्युटरपुढची खुर्ची पुसायचे. खुर्चीवर धूळ नसायची, पण लेकीशी बोलायच्या आधी काहीतरी पुसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

चिकटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षं लाइनमनचं काम केलं, आणि बिघाड सापडल्याशिवाय खांबावरून उतरायचं नाही या खोडीपायी सहकाऱ्यांनी ते नाव चिकटवलं. निरोपसमारंभात साहेबांनीसुद्धा भाषणात तेच घेतलं आणि खरं नाव आठवायला खिशातला कागद काढला.

निवृत्त झाल्यावर माणूस सुटतो म्हणतात. चिकटराव सुटले नाहीत. त्यांच्याकडे घरची तक्रारवही होती. तारीख, वेळ, तक्रार, कारण, उपाय असे रकाने आखलेली. नळ गळला तरी नोंद व्हायची. 'कारण' हा रकाना रिकामा ठेवायचा नाही हा त्यांचा कायदा होता, आणि थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्कांची, यावर एक ठरलेली कोटी होती. "मी मेले की त्या रकान्यातही लिहायला काहीतरी शोधून ठेव."

मुलगी दूरदेशी होती. दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून बजावलं होतं. रोज पावणेबाराला, तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असायची, ती कॉम्प्युटरवर यायची. आक्कांच्या फोनवरही बोलता आलं असतं. पण चिकटरावांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. फोनच्या वीतभर पडद्यावर त्यांना लेक दिसायची नाही, नुसता उजेड दिसायचा. त्यांना तिचा चेहरा पाहायचा होता.

त्यालाही कारण होतं. ती जन्मली तेव्हा चिकटराव गावाबाहेर एका खांबावर होते. वादळाने तारा तुटल्या होत्या. टेलिफोन खात्यातल्या माणसाला मुलगी झाल्याचा निरोप पोचला सहा तासांनी, तोही सायकलवरून. बायको तेव्हा हसून म्हणाली होती, "तुमची लाइन बिझी होती." बायको जाऊन आता आठ वर्षं झाली, पण ते वाक्य काही जात नव्हतं. लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी त्यांनी तिला शब्द दिला होता, "या खेपेला मी खांबावर नसणार. बाळ रडेल तेव्हा मी समोर असेन."

त्या मंगळवारी लेक पलंगाच्या नव्या चादरीबद्दल सांगत होती. अकरा बावन्नला तिचं तोंड उघडं राहिलं आणि तसंच राहिलं. चित्र थिजलं होतं.

चिकटराव उठले. खोलीचं दार पॅसेजमध्ये उघडायचं. तिथे भिंतीवर अगदी वर, छताशी, फळीवर राउटर ठेवलेला. त्यांनी स्टूल ओढलं, पायातल्या चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या आणि चढले. खांबावर चढायच्या आधी पायातलं काढून ठेवायची त्यांची जुनी सवय होती. डाव्या चपलेचा पट्टा मागे कधी तुटला होता, तो त्यांनी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेने शिवला होता. आक्का नव्या चपला घे म्हणून पाठीस लागल्या होत्या, पण शिवण पक्की होती.

त्यांनी वायर काढली, फुंकर मारली, परत घातली. आणि मग, सवयीने, कोणाला उद्देशून नाही, तोंडातून गेलं, "सोडू का?"

खात्याची ती रीत होती. खांबावरचा माणूस तार जोडून एक्सचेंजच्या टेस्ट टेबलाला हाक द्यायचा. तिथे खुर्चीत बसलेला माणूस लाइन तपासायचा. काम झालं की वरचा विचारायचा, "सोडू का?" आणि खुर्चीतला म्हणायचा, "सोड." तो म्हणेपर्यंत तार हातातून सोडायची नाही, मग खांदे निखळले तरी चालतील. चिकटराव आयुष्यभर विचारणारे. खुर्चीतली बढती दोनदा आली होती, दोनदा त्यांनी ती परत पाठवली.

"सोड," खोलीतून आवाज आला.

त्यांना हसू आलं. आक्का घरभर त्यांची नक्कल करत फिरायच्या. ते खाली उतरले, चपला घातल्या, खोलीत आले. खोलीत कोणी नव्हतं. पडदा काळा झाला होता.

२

बिघाड सापडायला त्यांना वीस मिनिटं लागली. म्हणजे बिघाड काय आहे ते सापडायला. का आहे, ती गोष्ट निराळी.

कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये एक खिडकी असते. तिथे सगळं 'आपोआप' ठेवायचं असतं; मग घरातलं यंत्र आपला पत्ता आपण शोधतं आणि बाहेर जायचं दारही आपण शोधतं. इंग्रजीत त्या दाराला गेटवे म्हणतात. घरातून बाहेर जाणारं प्रत्येक अक्षर, प्रत्येक चित्र, त्या एका दारातून जायचं. चिकटरावांच्या घरात ते दार म्हणजे राउटर, आणि त्याच्या नंबराच्या शेवटी एक होता.

खिडकीतला ठिपका 'आपोआप'वरून सरकून 'स्वतः भरा'वर आला होता. आणि दाराच्या रकान्यात, शेवटी एकच्या जागी, सत्तेचाळीस होता.

"म्हणजे झालं काय," ते आक्कांना समजावून सांगू लागले, "टपाल पोस्टात टाकायच्या ऐवजी घरातल्याच कोणाच्या तरी हातात देत होता हा. सत्तेचाळीस नंबरच्या."

"घरात आपण दोघं," आक्का म्हणाल्या. "सत्तेचाळीस कुठून आणू?"

त्यांनी ठिपका परत 'आपोआप'वर नेला. वहीत लिहिलं. कारण: चुकून बटण दाबलं गेलं असावं. 'असावं' हा शब्द त्यांना आवडला नाही, पण त्या दिवसापुरता चालवून घेतला.

बुधवारी अकरा बावन्नला तेच झालं. गुरुवारीही. ठिपका सरकलेला, सत्तेचाळीस भरलेला. शुक्रवारी त्यांनी पासवर्ड बदलला आणि तो कोणाला सांगितला नाही, आक्कांनासुद्धा नाही. शुक्रवारीही तेच.

शनिवारी कॉम्प्युटरच्या दुकानातली दुरुस्तीवाली आली. हुशार पोरगी, बोलता बोलता बोटं चालवायची. तिने सगळं पाहिलं. "काका, तुमच्या राउटरला दोनच वस्तू जोडल्यात. हा कॉम्प्युटर आणि मावशींचा फोन. सत्तेचाळीस नंबरचं या घरात काही नाही."

"हाक मारून पाहा ना त्याला."

हाक मारायची सोय कॉम्प्युटरमध्ये असते. नंबर द्यायचा; तो चार हाका मारतो, पलीकडे कोणी असेल तर चार वेळा ओ येते. पोरीने सत्तेचाळीस टाकला. पडद्यावर एकाखाली एक चार ओळी उमटल्या.

"ओ देतंय," चिकटराव म्हणाले.

"जुनं काहीतरी लक्षात राहिलं असेल त्याच्या," पोरगी म्हणाली, आणि सगळं पुसून नव्याने भरून दिलं. निघताना तिने पॅसेजमधल्या स्टुलाकडे पाहून विचारलं, "इथे कोणी उभं राहतं का रोज? फरशीला बघा, कशी झीज झालीय." चिकटरावांनी पाहिलं. चार दिवसांत फरशी झिजत नाही, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं.

रविवारी अकरा बावन्नला चित्र थिजलं. दुकानात फोन केला तेव्हा ती म्हणाली, "काका, खरं सांगू? आता नवाच घ्या."

"बिघाड जुना आहे," चिकटराव म्हणाले. "कॉम्प्युटर नवा घेऊन काय होणार?" आणि त्यांनी फोन ठेवला. ते आता पुरते इरेला पेटले होते. बाळंतपणाला अजून दहा-बारा दिवस होते. एवढ्या दिवसांत त्यांनी अख्ख्या वस्त्यांच्या लाइनी उभ्या केल्या होत्या.

३

मंगळवारी लेक आली ती हसतच.

"बाबा, काल किती बरं वाटलं म्हणून सांगू!"

"काल?" काल सात मिनिटं बोलणं झालं होतं.

"तासभर बसलात. मी रडले, बोलले, परत रडले. तुम्ही एकदाही 'डॉक्टरांना विचार' म्हणाला नाहीत. उठला नाहीत. नुसते ऐकत बसलात." ती थांबली. "मला माहीतच नव्हतं तुम्हाला असं ऐकता येतं."

चिकटरावांना आधी आनंद झाला, मग तो आनंद आपला नाही हे कळलं, आणि मग भीती वाटली. त्याच क्रमाने.

"चित्र थिजलं असेल तुझ्याकडे," ते म्हणाले. "लाइन गेली की शेवटचं चित्र तसंच राहतं. मी हलत होतो का?"

"म्हणजे काय? मान डोलवत होतात. चष्मा पुसलात दोनदा."

"कशाला?"

"कशाला काय, बाबा! डोळे भरून आले म्हणून."

अकरा बावन्न झाले. तिचं हसू पडद्यावर तसंच राहिलं. चिकटराव पॅसेजमध्ये गेले, चपला काढल्या, चढले. वायर हातात असताना मागून खोलीतून आवाज आला. खुर्चीचा. माणूस जरा पुढे सरकून बसला की ती जशी कुरकुरते, तसा. लाकूड दमट हवेने फुगतं, त्यांनी स्वतःला सांगितलं. लाकूड फुगतं आणि कुरकुरतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हात वर गुंतले होते, असं त्यांनी नंतर वहीत लिहिलं.

दुपारी त्यांनी आक्कांना गाठलं. "त्या पहिल्या मंगळवारी तू मला 'सोड' म्हणालीस ना?"

"मी कशाला म्हणू? मंगळवारी मी खाली औषधाच्या दुकानात होते. रांग ही एवढी." आक्का शेंगा सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "आणि मी तुला विचारणारच होते. रोज बाराला मी बाहेरून आले की तू खोलीत तिच्याशी पुटपुटत असतोस."

"बाराला? मी तेव्हा स्टुलावर असतो."

"स्टुलावरही असतोस," आक्का म्हणाल्या. "मी तेच म्हणते मनात, हा तिथून तिथे कसा बोलतोय. पण माझे कान हे असे. तुला काय विचारायचं?"

आक्कांना एका कानाने कमी ऐकू यायचं. चिकटरावांनी त्या गोष्टीचा आधार घेतला आणि तो पुरेसा नाही हे त्यांना कळत होतं.

४

बिघाडाचा छडा लावायचा तर एकेक तुकडा तोडत जायचं. जे तोडल्यावर बिघाड थांबतो, तिथे तो असतो. चिकटरावांना यापलीकडचं शास्त्र ठाऊक नव्हतं, आणि चौतीस वर्षांत त्याची गरजही पडली नव्हती.

बुधवारी सकाळी दहाला त्यांनी सुरुवात केली. आक्कांचा फोन बंद केला. सत्तेचाळीसला हाक मारली. चार ओ आल्या. राउटरची वायर काढली. हाक मारली. चार ओ. राउटरचा खटका बंद केला, फळीवरून काढून तो कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं. आता या कॉम्प्युटरला जगाशी जोडणारं काही उरलं नव्हतं. शेवटी कॉम्प्युटरच्या पाठीमागची केबलसुद्धा उपटली आणि ती हातात धरूनच त्यांनी हाक मारली.

हे होऊ शकत नाही. तुटलेल्या तारेतून ओ येत नाही. नियमाने पडद्यावर 'पोचता येत नाही' असं यायला हवं होतं.

ओळी उमटल्या. एक, दोन, तीन, चार. आणि मग, जरा थांबून, पाचवी.

हाका चार होत्या.

प्रत्येक ओळीपुढे किती वेळात ओ आली ते लिहिलेलं असतं. वेळ जितका कमी तितका ओ देणारा जवळ. प्रत्येक ओळीपुढे तोच आकडा होता, मोजता येईल त्यातला सगळ्यात लहान. एक्सचेंजमध्ये असा आकडा आला की खांबावर कोणी चढत नसे. बिघाड तारेत नाही, टेबलाशीच आहे, असं म्हणून सगळे खुर्चीतल्या माणसाकडे पाहायचे.

चिकटराव खुर्चीतून हळूच उठले. खुर्चीकडे पाहिलं. साधी लाकडी खुर्ची, पाठीला त्यांचा राखाडी स्वेटर टाकलेला. त्यांनी स्वेटर उचलला, झटकला, परत टाकला. मग वही उघडली, कारणाच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि बराच वेळ तसंच धरलं. शाईचा एक मोठा ठिपका झाला. बाकी काही लिहिलं गेलं नाही.

आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. लहानपणी विहिरीवर म्हणायच्या तशा.

"वाटतेय."

"मग सोड ना नाद. माझ्या फोनवर बोल."

"आणि हा इथे तिच्याशी बोलत बसला तर?"

'हा' म्हणजे कोण, ते आक्कांनी विचारलं नाही. चिकटरावांनी केबल परत जोडली, राउटर कुलपातून काढला आणि फळीवर चढवला.

५

शुक्रवारी दुपारी लेकीने एक चित्र पाठवलं. कॉम्प्युटरवर बोलताना पडद्याचा फोटो काढून ठेवता येतो, तसं. खाली तिने लिहिलं होतं, 'बाळाला दाखवायला आजोबांचा फोटो काढला. किती छान हसलात!'

फोटोवर वेळ होती. बारा वाजून पाच मिनिटं.

चिकटरावांनी चष्मा पुसून चित्र मोठं केलं. पुढे खुर्ची, खुर्चीत राखाडी स्वेटर, स्वेटरात माणूस. तो नेमका मान हलवत असावा. चेहरा पुसट आला होता, गालाची कड आणि हसण्याची सुरकुती तेवढी धड. तरीही लेक चुकली नव्हती. परक्यानेही सांगितलं असतं, हे तिचे वडील आहेत. हातांची घडी टेबलावर होती. बोटं स्वस्थ होती. चिकटरावांची बोटं उभ्या जन्मात कधी अशी स्वस्थ नव्हती.

खुर्चीच्या मागे खोलीचं दार उघडं होतं. दारातून पॅसेज दिसत होता, आणि पॅसेजमध्ये स्टुलावर एक माणूस पाठमोरा उभा होता. हात वर. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. खाली चपला जोडून ठेवलेल्या.

फोटोखाली लेकीचं आणखी एक वाक्य होतं.

'मागे स्टुलावर कोण चढलंय? दुरुस्तीवाला आला होता का?'

चिकटरावांनी तो पाठमोरा माणूस आणखी मोठा करून पाहिला. आपली पाठ माणूस कधी पाहत नाही. ती एवढी वाकलीय, मागचे केस एवढे विरळ झालेत, हे त्यांना त्या फोटोत प्रथम दिसलं. आणि तिला ती पाठ ओळखता आली नाही. तिचं काय चुकलं? लहानपणापासून तिने वडिलांना पाठमोरंच पाहिलं होतं, पण लांबून, जाताना.

पडून असलेल्या पोटुशा मुलीला काय लिहायचं? त्यांनी एक बोट वापरून, अक्षर शोधत शोधत लिहिलं, 'हो. दुरुस्तीवाला.'

मग ते पॅसेजमध्ये गेले आणि स्टुलाकडे पाहत उभे राहिले. हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रोज अकरा बावन्नला सेटिंग बदलतं, इतकंच होतं. चित्र थिजतं, इतकंच. खुर्ची कोणी हिसकावून घेत नव्हतं. खुर्चीतून रोज ते स्वतः उठत होते. पहिल्याच दिवशी इथे उभं राहून त्यांनीच विचारलं होतं, सोडू का. आणि कोणीतरी सोड म्हणालं होतं.

त्यांनी वहीत उपायाच्या रकान्यात चार शब्द लिहिले. 'जागेवरून उठायचं नाही. कशासाठीही.' लिहिल्यावर मोजले तर बरोबर चार भरले. त्यांनी खोडलं नाही.

६

सोमवारी पावणेबाराला लेक आली नाही, जावई आले. मागे पांढरी भिंत, लांब कॉरिडॉर. जावयांच्या कपाळावर घाम होता.

"बाबा, आत नेलंय तिला. मी कॉम्प्युटर घेऊन आत जातो, डॉक्टर हो म्हणालेत. तिने सांगितलंय, बाबा समोर पाहिजेत. तुमची लाइन जाते म्हणता ना? आज नका जाऊ देऊ."

"मी इथेच आहे," चिकटराव म्हणाले.

चित्र हिंदकळत पुढे गेलं. दार, हिरवे पडदे, उशी. उशीवर लेकीचा चेहरा, घामेजलेला, लाल. तिने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, आणि तिचे ओठ आवळले गेले.

अकरा बावन्न झाले. चेहरा तसाच थिजला, आवळलेल्या ओठांसकट.

चिकटरावांचे पाय शिवशिवू लागले. मांड्यांमध्ये उठायची ताकद आपोआप भरली. दोन पावलं, एक स्टूल, एक वायर. एवढंच काम. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

मागे पॅसेजमध्ये चपला काढल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी. मग त्या जोडून ठेवल्याचा. मग स्टूल कुरकुरलं.

त्यांनी मान वळवली नाही. पण पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, त्यात आपलंच चित्र आपल्याला दिसतं. इतके दिवस त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता डोळा तिकडे गेला. चौकटीत ते स्वतः, मागे दार, चौकटीच्या वरच्या कडेला कापलेलं कोणाचं तरी धड, आणि स्टुलावर दोन अनवाणी पाय. टाचा उचललेल्या होत्या. फळी उंच होती, हात पुरत नसे; टाचा उचलाव्या लागत.

चिकटरावांनी नजर लेकीच्या थिजलेल्या चेहऱ्यावर आणली आणि बोलायला सुरुवात केली. ती ऐकतेय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. तरी बोलत राहिले. "मी आहे गं. तुला दिसत नसलो तरी आहे. तू झालीस तेव्हा मी नव्हतो. तुझी आई हसली, पण तिला लागलं होतं. मला तेव्हा उतरता आलं असतं. दुसरा माणूस पाठवता आला असता. मी उतरलो नाही, कारण मला ती तारच सोपी वाटत होती. माणसांजवळ नुसतं बसायचं कसं, ते मला कधी जमलं नाही. माझं चुकलं, बाळा." डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

बारा वाजले. बारा पाच. स्टुलावर श्वास जड झाला होता. दोन्ही हात वर धरून इतका वेळ उभं राहिलं की खांद्यात कसा गोळा येतो, मग बोटं कशी बधिर होतात, ते चिकटरावांना चांगलं माहीत होतं.

"सोडू का?"

दमलेला, घोगरा आवाज. आवाज त्यांचाच होता.

त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. पण त्याहून जास्त, त्यांना त्या माणसाची दया आली. हो म्हटल्याशिवाय तो सोडणार नाही. खांदे निखळले तरी उतरणार नाही. संध्याकाळ होईल, तो तसाच उभा राहील, कारण खुर्चीतून कोणी बोललं नाही. आणि लेकीसमोर दोघांपैकी एकच जण असणार होता.

"सोडू का?" परत आवाज आला. या वेळी त्यात जरा भीती होती.

चिकटरावांनी खुर्ची टेबलाकडे ओढली.

"सोड," ते म्हणाले.

पडदा हलला. लेकीचे आवळलेले ओठ सुटले, ती ओरडली, कोणीतरी 'आलं, आलं' म्हणालं, आणि त्या सगळ्या गलक्यातून एक बारीक, चिडका, कोरा करकरीत आवाज खोलीभर पसरला. बाळ रडत होतं. लेक हसत आणि रडत पडद्याकडे पाहत होती. "बाबा, सगळा वेळ होतात तुम्ही! मला तुमचा आवाज येत होता!"

"होतो," चिकटराव म्हणाले. "होतो ना मी."

७

आक्का धावत आल्या, पडद्याला नाक लावून बाळाला पाहिलं, मुलगी आहे हे दोनदा ओरडून विचारून घेतलं आणि पदराने डोळे पुसले. बाळाला गुंडाळून आईच्या कुशीत दिलं होतं. जावई आता मोकळेपणी हसत होते.

"आज लाइन तुटली नाही, बाबा. शेवटी काय दुरुस्त केलंत?"

चिकटरावांनी सेटिंगची खिडकी उघडली. ठिपका 'आपोआप'वर होता. खाली आकड्यांच्या रांगा होत्या. त्यांनी त्या वरून खाली पाहिल्या, मग खालून वर. कशाचा काय अर्थ, काही लागेना. नवलही वाटलं नाही. त्यांनी खिडकी मिटली.

"काही नाही केलं," ते म्हणाले. "बसून राहिलो."

वही शेजारी पडली होती. कारणाचा रकाना रिकामा होता. त्यांनी तीही मिटली.

"अरे!" आक्का पॅसेजमधून म्हणाल्या. त्या पाणी आणायला निघाल्या होत्या. "या चपला स्टुलाशी कशाला ठेवल्यास? मी पडले असते आत्ता."

"माझ्या नाहीत. माझ्या पायात आहेत."

"नाहीत कशा? ही तारेची शिवण दुसरं कोण घालतं?" आक्का वाकल्या होत्या, त्यांचा आवाज खालून येत होता. "आणि अजून ऊन आहेत रे. आत्ताच काढल्यासारख्या."

चिकटरावांनी टेबलाखाली पाहिलं. पायात चपला होत्या. त्यांनी डावा पाय जरा पुढे घेतला. पट्टा धड होता. कुठे तुटलेला नाही, कुठे शिवलेला नाही. तळ झिजलेला नाही. कधी कुठे चालतच न गेलेल्या माणसाच्या असाव्यात तशा त्या चपला होत्या.

"बाबा, इकडे बघा ना," लेक म्हणाली. "जांभई देतेय."

त्यांनी मान वर केली. नातीचं तोंड इवलंसं उघडलं होतं.

"असतील दुरुस्तीवाल्याच्या," खुर्चीतल्या माणसाने आक्कांना सांगितलं, आणि टेबलावर हातांची घडी घालून तो नातीकडे पाहत राहिला.